गयासचाचांचं फिनिशिंग

गुलमंडीत गयासचाचांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं हल्ली कुणाचाही चेहरा उजळ करून मिळत नाही. ओठावरचा तीळ, गालावरचे वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, जे असेल ते फोटोत येतं. स्थळांना पाठवायचा फोटो काढायला आलेल्या मुली पडद्यावर स्वतःला बघतात, नाक मुरडतात आणि दोन दुकानं सोडून पलीकडच्या स्टुडिओत जातात. चाचा त्यांना अडवत नाहीत. उलट म्हणतात, "जा बेटा, तिकडं चांगला निघंल."

ज्या माणसानं अख्खी हयात लोकांचे डाग पुसण्यात घालवली, त्याचं हे असं का झालं ते मला ठाऊक आहे. त्यांना त्या कामावर मीच नेलं होतं.

मी अमृता. पडेगावच्या पुढे एक संशोधन संस्था आहे, तिथं मी संगणकावर काम करते. संस्था म्हणजे चार विभाग आणि चार तऱ्हांची माणसं: शेतीवाले, डॉक्टर, यंत्रं बनवणारे आणि आम्ही. चौघांनी मिळून लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करावं, अशी वरून आज्ञा. प्रत्यक्षात चहा सोडला तर आम्ही कशासाठी एकत्र येत नसू, आणि आलो की भांडत असू. तरी एक काम जमलं. मोसंबीच्या पानाचा फोटो काढला की झाडावर कोणता रोग पडलाय ते मोबाइलनं सांगावं, असं ते काम होतं. आता संगणकाला काही आपलं आपण कळत नाही. त्याला ढिगानं फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येक फोटोखाली जाणत्या माणसानं लिहावं लागतं, की हे पान रोगाचं, हे चांगलं. पोराला चित्रांच्या पुस्तकातून शिकवतो तसंच. पुस्तकातच म्हशीला गाय म्हटलं असेल तर पोरगं तेच शिकणार.

शेतीवाल्यांनी काढून आणलेले फोटो बघून माझं डोकं फिरायचं. अर्धे हललेले, उरलेल्यांत यांचा अंगठा. शेवटी मी बैठकीत सांगून टाकलं की मला धंदेवाला फोटोग्राफर द्या, नाहीतर पानं तुम्हीच ओळखत बसा. आणि गयासचाचांना घेऊन आले.

आमच्या घरातला प्रत्येक फोटो चाचांनी काढलेला. माझा पहिला वाढदिवस, भावाची मुंज नव्हे, आमच्यात मुंज नसते, पण त्याचा शाळेतला पहिला बक्षीस समारंभ, वडिलांचा हार घातलेला फोटो आणि माझं लग्न. केसांना मेंदी, अंगाला अत्तर, शर्टाच्या खिशात काच पुसायचा इवलासा ब्रश. बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. त्यांचा एक लाडका शब्द होता, फिनिशिंग. फोटो काढला म्हणजे काम निम्मंच झालं, खरं काम फिनिशिंगचं. पूर्वी ते निगेटिव्हवर पेन्सिलीनं करत, नंतर संगणकावर करू लागले. शेजारची साफ कातडी उचलायची आणि डागावर आणून बसवायची. "बाईमाणसाचा डाग माझ्या दुकानातून कधी बाहेर गेला नाही," असं ते छाती काढून सांगत. माझ्या लग्नाच्या दिवशी हनुवटीवर टप्पोरं गळू होतं. अल्बममध्ये ते कुठंच नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

मोसंबीच्या बागेत पहिल्या दिवशी मी त्यांना बजावलं, "चाचा, पानांना फिनिशिंग करायचं नाही हं."

"पानाला कसली इज्जत, बेटा? जसं हाय तसं."

सगळे हसले. मीही हसले. चाचांनी एकेक पान असं टिपलं, की त्यावरची पांढरी माशीसुद्धा मोजून घ्यावी. आमचं ते काम फत्ते झालं. मोबाइल पान ओळखू लागला, शेतकरी खूश, वर्तमानपत्रात फोटो आला आणि त्यात आमचे साहेब नेमके पुढे उभे. चाचा मागच्या रांगेत होते, पण ते कात्रण त्यांनी दुकानात काचेखाली लावलं.

त्या यशाच्या नशेत आम्ही पुढचं काम घेतलं. पान ओळखता येतं तर माणसाची कातडी का नाही? आमच्या डॉक्टर सदफ त्वचेच्या. त्यांचं म्हणणं असं, की कुष्ठरोग गेला गेला म्हणतात, पण गेलेला नाही. सुरुवातीला नुसता फिकट चट्टा येतो. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तेवढ्यात सापडला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर आतली नस मरते, बोटं बधिर होतात, वाकतात, आणि मग रोग बरा झाला तरी बोटं सरळ होत नाहीत. म्हणून वस्तीवस्तीत काम करणाऱ्या आशाताईंच्या मोबाइललाच हा चट्टा ओळखता आला पाहिजे. बेत नामी होता. फोटो काढायला कोण, याची चर्चासुद्धा झाली नाही.

मुकुंदवाडीत शिबिर भरलं. यंत्रवाल्यांनी पडद्यांची एक खोली करून आत सगळीकडून सारखा उजेड पडेल असे दिवे बसवले. बाहेर डॉक्टर सदफ टेबलावर खोकला, ताप, रक्तदाब बघत होत्या. प्रत्येकाच्या अंगावरचा प्रत्येक डाग हात लावून तपासायला एकटी डॉक्टर कुठं पुरणार? म्हणून आम्ही युक्ती काढली. आधी सगळ्यांचे हात, मान, चेहरा यांचे फोटो घ्यायचे. डॉक्टर ते नंतर पडद्यावर बघतील आणि शंका येईल तेवढ्यांनाच पुन्हा बोलावतील. आपल्या हुशारीचं आम्हाला फार कौतुक वाटलं. चाचा आत नर्सबाईंसोबत फोटो काढत राहिले, दोन दिवसांनी सगळे आणून दिले, डॉक्टरांनी बघितले, खाली शेरे लिहिले आणि माझा संगणक शिकू लागला.

तो शिकेना. म्हणजे पुरुषांच्या बाबतीत नीट सांगायचा आणि बायकांच्या बाबतीत आंधळ्यासारखा चाचपडायचा. वर्ष होत आलं तरी तेच. मी दिवेवाल्यांशी भांडले, डॉक्टरांशी भांडले. एकदा तर साहेबांना म्हणाले, बायका बांगड्या काढत नाहीत म्हणून असेल. काय वाट्टेल ते सुचत होतं. शेवटी वैतागून एकेक फोटो मोठा करून बघायला बसले आणि एका हातापाशी थांबले.

बाईचा उजवा हात होता. मनगटाच्या वर गोंदण, पाच ठिपक्यांचं हिरवं फूल. आणि तिथून वितीभर वर, कोपराजवळ, आणखी एक हिरवा ठिपका, एकटाच. माझ्या आईच्या हातावर असंच फूल आहे. गोंदणारी बाई असा एकच ठिपका कोपरापाशी कशाला देईल? मी फोटो आणखी मोठा केला. त्या ठिपक्याशेजारी एक वाकडा केस होता, आणि हुबेहूब तसाच वाकडा केस खाली फुलाशेजारीही होता.

खालची कातडी उचलून वर बसवली होती. फिनिशिंग.

मी रिक्षा केली आणि तडक गुलमंडी गाठली. चाचा काउंटरवर चहा पीत होते. मी फोटो समोर ठेवला.

"हे तुम्ही केलंत?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. घाबरले नाहीत. उलट त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून चुकचुकले. "इथं घाई झाली जरा. हे दिसायला नको होतं."

मी भडकले. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याचीही मी पर्वा केली नाही. "चाचा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? पानांना नाही केलंत, पुरुषांना नाही केलंत!"

"मर्दाचं काय, असला डाग तर असला." त्यांनी कप खाली ठेवला. "ही बाई हात जोडून बोलली बेटा, की भाऊ, पोरीचं जमवायचं चाललंय, हातावरचा डाग दिसला तर लोक नाव ठेवतील. तिचं बघून बाकीच्या बी बोलल्या. मग मी सगळ्यांचं थोडं थोडं हलकं केलं. लई नाही."

"फोटो लोकांसाठी नव्हता. डॉक्टरसाठी होता."

"हौ, पण डॉक्टर तर बाहेरच बसली होती ना? मला वाटलं, डॉक्टर माणूस बघंल. फोटो आपला रेकॉर्डला."

चाचांचा मुद्दा बिनतोड होता. कारण आम्ही माणूस बघितलाच नव्हता. माणूस बाहेर बाकावर बसून होता आणि आम्ही त्याचा फोटो बघायच्या तयारीत होतो. पण हे कबूल करण्याइतकी मी त्या वेळी शुद्धीवर नव्हते. मी त्यांना त्या फिकट चट्ट्याचा अर्थ सांगितला. नस, बोटं, सगळं सांगितलं, आणि मुद्दाम लागेल असं सांगितलं.

चाचांचा चेहरा उतरत गेला. खिशातला ब्रश त्यांनी काढला, परत ठेवला. मग फक्त एवढंच विचारलं, "त्या बाईचं काय झालं मग?"

तिचं नाव मुक्ताबाई. मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या एका खानावळीत ती भाकरी थापते. नवरा नाही, एक मुलगी. डॉक्टर सदफ, चाचा आणि मी दुसऱ्याच दिवशी गेलो, तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. मला बघून "जयभीम" म्हणाली आणि चाचांना बघून तर खुललीच.

"आवो भाऊ! तुमी काढलेला फोटो लई ग्वाड आला व्हता. त्या नर्सबाईनं दाखिवला मला."

बोलता बोलता तिनं तव्यावरची भाकरी उजव्या हातानं उलटली, आणि हात तव्याला तसाच टेकलेला राहिला. आम्ही तिघंही ओरडलो. ती हसायला लागली. "काय नाय हो होत. मपला हात लई तयार झालाय आता. दुसऱ्या बाया हाय हुय करत्यात, मला चटकाच बसत नाय."

डॉक्टर सदफ खाली बसल्या. त्यांनी तिचा हात मांडीवर घेतला. बोटांवर जुन्या-नव्या भाजल्याच्या खुणा होत्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं होतं. मुक्ताबाईला त्यांनी डोळे मिटायला लावले आणि टाचणी टोचली. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. "टोचा की," म्हणाली.

टाचणी केव्हाच टोचून झाली होती. मी वळून चाचांकडे बघितलं, तर ते तिथं नव्हते. बाहेर रस्त्यावर, रेल्वेच्या रुळांकडे तोंड करून उभे होते. साठीचा माणूस, पण शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

मग जे करायचं ते आम्ही केलं. शिबिरातल्या सगळ्या बायकांना पुन्हा बोलावलं आणि डॉक्टरांनी प्रत्येकीला हात लावून तपासलं. बहुतेकींची नुसती शिबं, म्हणजे साधे पांढुरके डाग निघाले. थोड्या जणींना वेळेत गोळ्या सुरू झाल्या. उशीर झाला तो एकट्या मुक्ताबाईला. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, रोग जाईल, अगदी मुळापासून जाईल, पण त्या दोन बोटांचं वचन देता येणार नाही.

चाचांनी तिची माफी मागितली ती माझ्यासमोरच. उभं राहून मागवेना, म्हणून उंबऱ्याशी बसले. "ताई, तुमचा डाग मी पुसला. पुसला नसता तर डॉक्टरला दिसला असता."

मुक्ताबाई त्यांच्यासमोर येऊन खाली बसली. मग म्हणाली, "मीच म्हनले व्हते ना, भाऊ. तुमाला काहून बोल लावू? लाज मपली व्हती."

तिनं माफ केलं म्हणून चाचा मोकळे झाले असं मला तेव्हा वाटलं. साफ चूक. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दुकानात फिनिशिंग बंद केलं. वर्तमानपत्राचं कात्रण काचेखालून काढलं. दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट आणायला मुक्ताबाईला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेऊ लागले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिच्यासाठी लाकडी मुठीचं उलथणं आणि जाड हातमोजे शोधून आणले. त्यांच्या बायकोनं, जमिलाचाचींनी, मला एकदा सांगितलं, की हे घरात पण मान वर करत नाहीत, जेवताना ताटातच बघतात. आमची दोघींची समजूत, की बिचारे पस्तावलेत, हळूहळू सावरतील.

एक मात्र मी बघितलं होतं. मुक्ताबाई चहाचा कप पुढे करायची तेव्हा चाचा कप घ्यायचे, पण बघायचे दाराकडे. गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात द्यायचे तेही दुसरीकडे तोंड करून. तिच्याशी बोलताना त्यांची नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत जायची, कोपराखाली कधी उतरायची नाही. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. पडद्यावर केसाएवढी चूक शोधणारी मी, पण समोरच्या माणसात दिसलेलं मनावर घेत नाही.

गोळ्यांचा कोर्स संपला. रोग गेला. दोन बोटं वाकलेली राहिली. आणि त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांना मुक्ताबाईनं आधीच सगळं सांगितलं होतं, हात दाखवून सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसांनी डॉक्टर सदफना एकदा फोन करून खात्री केली आणि होकार दिला. ज्या भीतीनं एवढं रामायण घडलं, ती एका फोनवर मिटण्याएवढीच निघाली. हे ऐकून हसावं की रडावं ते मला कळेना.

लग्नाचे फोटो गयासभाऊच काढणार, असा मुक्ताबाईचा हट्ट. चाचा नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "तुमी नाय आले तर मी बी उभी ऱ्हायची नाय फोटोला." मग आले. मुकुंदवाडीतल्याच एका हॉलमध्ये लग्न झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, पांढऱ्या साडीतली मुलगी फार गोड दिसत होती. चाचा दिवसभर धावत होते, घामाघूम. त्या दिवशी त्यांनी अत्तर लावलं होतं. कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो वास आला आणि मला वाटलं, चला, माणूस परत आला.

अल्बम तयार झाला तेव्हा चाचा मला आधी दुकानात बोलावून म्हणाले, "बेटा, तू बघून घे. एक केस पण हलवला नाही मी." मी भिंग घेऊन बसले, खरोखर भिंग घेऊन. मुलीच्या कपाळावरची पुटकुळी होती तशी होती. व्याह्यांचं टक्कल चमकत होतं. कातडी उचलून बसवल्याची कुठं खूण नाही. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास, चाचा!" ते हसले पण.

तो अल्बम घेऊन आम्ही दोघं मुक्ताबाईच्या घरी गेलो. मुलगी-जावई आलेले होते. सगळे भोवती जमले. मुक्ताबाईनं अल्बम मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं एकेक पान उलटू लागली. पोरं आपापले चेहरे शोधून ओरडत होती. जावई लाजत होता. मुक्ताबाईही आधी हसत होती. मग तिचं हसू थांबलं. ती शेवटच्या पानापर्यंत गेली, परत पहिल्या पानावर आली आणि पुन्हा सावकाश बघू लागली.

"भाऊ," ती म्हणाली, "मपला हात कुठंय?"

कुणाला काही समजलं नाही. तिनं अल्बम आमच्याकडे फिरवला. हार घालताना ती होती, पण फोटो खांद्यापाशी संपत होता. मुलीला जवळ घेताना होती, तर उजवी बाजू मुलीच्या पाठीमागे गेली होती. पाहुण्यांच्या घोळक्यात तिच्यापुढे कुणीतरी उभं होतं. मुलीला निरोप देताना तिनं त्याच हातानं तिचा चेहरा कुरवाळला होता, मी शेजारीच उभी होते, मला चांगलं आठवतंय. फोटोत मुलीचे डोळे होते, मुक्ताबाईचे डोळे होते, आणि मध्ये हात यायच्या आधीचा क्षण होता. अख्ख्या अल्बममध्ये तो हात एकदाही नव्हता.

चाचांनी काहीच पुसलं नव्हतं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी फक्त कॅमेरा तिकडे जाऊ दिला नव्हता, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं, की हे त्यांनाही या घटकेलाच कळतंय.

मुक्ताबाईला राग आला असता तर मी समजू शकले असते. ती रागावली नाही. तिनं वाकडी बोटं पदराखाली घेतली. वर्षभरात तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"मागच्या टायमाला मी सांगितलं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "या टायमाला तर मी सांगितलं बी नव्हतं."

चाचांची मान खाली गेली. मी तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण मलाही वर बघवेना. भिंग माझ्याच पर्समध्ये होतं.